आजारी कुत्र्याजवळ बसून विणकाम, वाकळ, रंगकाम : कोण कोण करतं?

टाकेवाली (लातूर)

नमस्कार मंडळी.

आमचा खंड्या आता म्हातारा झालाय आणि त्याला किडनीचा आजार आहे. हा बरा होणारा आजार नाही, सांभाळत नेण्याचा आहे, असं डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगितलं. 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी यायचं. त्या दिवसांत आमच्या टाकीच्या नळाखाली ठिबकणारं पाणी चाटत बसलेलं हे पिल्लू घरात आलं आणि घरचंच झालं. आता त्याच्या किडनीला लघवी घट्ट करता येत नाही, त्यामुळे पाणी शरीरात टिकत नाही आणि तहान काही भागत नाही. दिसेल त्या कोपऱ्यात त्याच्यासाठी भांडं भरून ठेवलेलं असतं.

दिवसाचा बराच वेळ मी त्याच्याजवळ असते. तिथं बसून विणते, वाकळ शिवते, चित्रं काढते. या कामात मला मनापासून आनंद होतो, म्हणून हा धागा काढलाय. नात्यातल्या एका बाईंनी विचारलं, "कुत्रं एवढं आजारी, आणि तुला रंग सुचतात?" हो, सुचतात. हातात काम नसलं की मी दर दोन मिनिटांनी त्याच्या तोंडाकडे बघते, उगाच उठवते, पाणी पुढे करते, आणि तोही बिचारा अस्वस्थ होतो. हातात सुया असल्या की मी तासन्‌तास एका जागी बसते. मी बसलेली असले की तो गाढ झोपतो.

रोज सकाळी त्याला कातडीखाली सलाईन द्यावं लागतं. ते घरी कसं द्यायचं हे डॉक्टरांनी समोर बसवून शिकवलं आणि प्रमाणही त्यांनीच ठरवून दिलंय. पिशवी आधी कोमट पाण्यात ठेवायची, मग खिडकीच्या गजाला अडकवायची. दोन्ही खांद्यांच्या मधली सैल कातडी चिमटीत वर उचलली की तिथं तंबूसारखी पोकळी होते, तिच्यात सुई सरकवायची. सुई दर वेळी नवी. पाणी उतरायला लागलं की कातडीखाली मऊ फुगवटा येतो, हळूहळू एका बाजूनं पुढच्या पायाकडे ओघळतो आणि काही तासांत जिरून जातो. तेवढा वेळ एक हात त्याच्या पाठीवर आणि डोळे नळीवर. तेव्हा कुठलंच काम नाही. ते आटोपलं की तो थकून आडवा होतो आणि मी सुया काढते.

कुठलं काम अशा वेळी जमतं, याचा विचार हळूहळू होत गेला. जाळीची वीण जमत नाही. टाके मोजत असतानाच त्याला उलटी झाली तर हातातलं टाकून धावावं लागतं, आणि सुईवरची अख्खी ओळ निसटते. त्यामानानं क्रोशा फार सोयीचा. त्यात सुटा टाका एकच असतो. तो जरा लांब ओढून ठेवला की कुठंही सोडून उठता येतं. रात्री मात्र मला सुलट टाक्यांची साधी पट्टीच आवडते. ती विणायला डोळे लागत नाहीत, नजर त्याच्या छातीवर ठेवता येते. झोपेत कुत्र्याचा श्वास मिनिटाला तिसाच्या आत असावा असं डॉक्टर म्हणाले. तो वाढला तर मला माझ्या हातांच्या लयीवरूनच कळतं, मग घड्याळ लावून मोजते.

आणि रंग! खंड्या काळा आहे. काळा कुत्रा रंगवायचा म्हणून ट्यूबमधला काळा लावला की कागदावर नुसतं भोक पडल्यासारखं दिसतं. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना एकत्र केले की जिवंत काळा मिळतो. निळा जरा जास्त पडला की पाठीवरची चमक येते, तांबूस जास्त पडला की कानाची उन्हातली कड. नऊच्या सुमारास खिडकीतून ऊन येतं तेव्हा त्याचा उजवा कान चक्क विटकरी दिसतो. इतकी वर्षं तो घरात आहे, पण ते मला कागद घेऊन बसल्यावरच दिसलं. तोंडावरचे पांढरे केस रंगवायचे नाहीत, तिथं कागद कोरा सोडायचा.

तुमच्यापैकी कोणी असं करत असेल तर सांगा. काय काम करता, कुठं बसता, काय सांभाळता, सगळंच ऐकायचंय.

बालाघाटची काकू (अंबाजोगाई)

पोरी, वाचून बरं वाटलं. आमच्या सासूबाई आजाऱ्याच्या उशाशी बसल्या की वाकळच काढायच्या, माणूस असो की वासरू.

कुत्र्यासाठी शिवायची तर जाड वाकळ करू नको. जुन्या सुती लुगड्याचे तीन-चार थर पुरे. आत चिंध्या भरायच्या नाहीत, त्या ओल्या झाल्या की दोन दिवस वाळत नाहीत आणि वास धरतात. पातळ पातळ अशा बऱ्याच कर, म्हणजे एक तरी नेहमी कोरडी हाताशी राहील. आधी थर एकमेकांवर नीट ताणून कच्चा दोरा घाल, मग चारी कडांनी धावदोरा घेत चौकोनात चौकोन करत आत ये. टाका बारीक ठेव. मोठा टाका असला की उठताना नख अडकतं, आणि म्हाताऱ्या जनावराला तेवढा हिसकाही पुरतो.

खाली घोंगडी घालत असशील तर जुनी घाल. नव्या घोंगडीला चिंचोक्याची खळ असते, ती ताठ असते आणि अंगाला टोचते. दोन-चार धुण्यांनी मऊ पडते. लोकर ओलसर झाली तरी गार पडत नाही, म्हणून थंडीत फरशीवर तिच्यासारखं दुसरं काही नाही. आणि त्याचं कोपर बघत जा. एकाच कुशीवर पडून राहिला की तिथं घट्टा पडतो, मग चिरतो. कूस बदलत राहा.

पशुवैद्य उदगीर (उदगीर)

मी उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलो, आता याच भागात काम करतो. ताईंनी सलाईनबद्दल बरोबर लिहिलंय. मला या कामांच्या दुसऱ्या बाजूबद्दल लिहायचंय, कारण सुईदोरा आणि कुत्रं एका खोलीत आले की मला धास्ती वाटते.

कुत्र्यानं दोरा किंवा लोकर गिळली तर अनेकदा तिचं एक टोक जठराच्या आतड्याकडच्या तोंडाशी अडकतं. उरलेला दोरा आतड्यात पुढे जात राहतो. आतडं त्याला ढकलायला बघतं आणि नाडा ओढलेल्या परकरासारख्या चुण्या पडून त्याच दोऱ्यावर गोळा होतं. ताण वाढला की दोरा आतड्याची भिंत कापतो. अशा वेळी ऑपरेशनशिवाय सहसा इलाज नसतो. तोंडातून किंवा गुदद्वारातून दोरा लोंबताना दिसला तर तो कधीही ओढू नका. तसंच दवाखान्यात न्या.

किडनीच्या रुग्णात हा धोका जास्त आहे, आणि कारण समजून घ्या. दोरा गिळल्याची लक्षणं म्हणजे उलटी, जेवण सोडणं, मलूल होणं. किडनीच्या आजाराचीही नेमकी तीच लक्षणं आहेत. घरच्यांना वाटतं, आजार वाढला, आणि दोन दिवस तसेच जातात. म्हणून उठताना सुया मोजा. दोऱ्याची तुटकी टोकं फरशीवर सोडू नका, झाकणाच्या बरणीत टाका.

रंगांचंही सांगतो. हा कुत्रा सतत तहानलेला आहे, म्हणजे दिसेल त्या भांड्याला तोंड लावणार. ब्रश धुण्याचं पाणी उघड्या वाडग्यात ठेवू नका, अरुंद तोंडाच्या झाकणाच्या बाटलीत ठेवा आणि टेबलावरच ठेवा. साधे जलरंग फारसे घातक नसतात, पण कॅडमियम, कोबाल्ट, झिंक व्हाइट असलेले रंग पोटात जायला नकोत. टर्पेंटाइन तर त्याच्या खोलीत नकोच. लोकरीच्या पेटीतल्या डांबरगोळ्या आजच काढा, त्या कुत्र्याला विषारी आहेत. सुकवलेला कडुनिंबाचा पाला ठेवा.

आणि दुखतंय असं वाटलं म्हणून माणसाची पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन देऊ नका. आधीच थकलेल्या किडनीला दुखण्यावरच्या गोळ्या फार महागात पडतात.

टाकेवाली (लातूर)

डॉक्टर, फार उपकार झाले. डांबरगोळ्या बाहेर काढल्या, पेटीला ऊन दिलं. तुमचं वाचल्याबरोबर ब्रशच्या पाण्यासाठी लोणच्याची रिकामी बाटली धुऊन घेतली. सुयांसाठी एक मोठं लोहचुंबक आणायला सांगितलंय, डब्याच्या झाकणाला चिकटवून ठेवेन.

काकू, आजीची दोन इरकली लुगडी ठेवणीत होती. धुऊन धुऊन साईसारखी झालीत. तीच काढली.

वाखवाला (हिंगोली)

ताई, आमच्यात विणकाम कोणी करत नाई, पण दोराचं काम मी करतो. तुमचा धागा वाचून लिहायलोय.

आमचं कुत्रं शेतावर राहतं. मागं गोचीड तापानं पडलं. आधी दोन दिवस खाल्लं नाई, मग एका सकाळी नाकातून रक्त. ओठ वर करून बघितलं तर हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या. गाडीवर पोत्यात घालून दवाखान्यात नेलं. रक्त तपासलं, प्लेटलेट लई खाली आल्या होत्या. डॉक्टरनं डॉक्सीसायक्लीन चार आठवडे सांगितली. बरं वाटलं म्हणून मधीच बंद करायची नाई, असं बजावून सांगितलं. कोरडी गोळी नरड्याला जाळती, म्हणून भाकरीच्या घासात घालायची आणि वरून पाणी पाजायचं.

त्याला एकट्याला सोडून औत धरायला मन होईना. मग आंब्याखाली त्याच्यापाशी बसलो आणि अंबाडीचा वाख घेतला. अंबाडीचे ताटं पाण्यात कुजवून, सोलून, धुऊन, वाळवून ठेवलेला वाख घरात होताच. मांडीवर पीळ द्यायचा, दोन पदर उलट्या अंगानं एकमेकांत घ्यायचे. पदराचा पीळ एकीकडं आणि दोराचा पीळ दुसरीकडं, म्हणून दोर उकलत नाई. पोळ्याला बैलाला नव्या म्होरक्या पायजेत होत्या. त्या वर्षी कासरे, दावे, म्होरक्या, गोंडे सगळं मी त्याच्यापाशी बसून केलं. गोंड्याला बायकोनं लाल-पिवळी लोकर दिली. जवळच्या तांड्यावरची एक बंजारा मावशी येता-जाता बघायची. तिनं तिच्याजवळच्या कवड्या दिल्या आणि म्होरकीवर कशा ओवायच्या ते बसून दाखवलं.

लोक म्हणायचे, कुत्र्यासाठी कामून बसायलास, कामधंदा नाई का. मी म्हणायचो, काम करायलोच की. पोळ्याच्या दिवशी बैलाच्या कपाळावर त्या म्होरक्या बघून मला लई आनंद झाला होता, आणि कुत्रं बैलामागं गावभर हिंडलं. गोचीडाचं औषध आता वेळेवर घालतो. गोठ्याच्या भेगा बुजवल्या, कारण गोचीड अंडी तिथंच घालतो, नुसतं कुत्रं धुऊन भागत नाई.

गेरू (छत्रपती संभाजीनगर)

टाकेवाली, तुमचा काळा रंग फार आवडला. मी चित्रकला शिकवतो. घरी माझी म्हातारी कुत्री आहे, तिचे मागचे पाय गेलेत. त्यामुळे मधेच उठावं लागणं मलाही चांगलं माहीत आहे.

अजिंठ्याला मुलांना घेऊन जातो तेव्हा एक गोष्ट मी नेहमी सांगतो. तिथली चित्रं ओल्या गिलाव्यावरची नाहीत. ओल्या चुन्यावर रंगवायचं तर गिलावा वाळायच्या आत तेवढा भाग पुरा करावा लागतो, थांबता येत नाही. अजिंठ्यात मातीचा गिलावा वाळल्यावर, त्यावर चुन्याचा पातळ हात देऊन, डिंक-सरसासारख्या चिकट पदार्थात कालवलेले रंग लावलेत. म्हणजे कलाकाराला हात थांबवता येत होता, उद्या परत येता येत होतं. आपल्यासारख्यांना तसंच माध्यम हवं. जलरंग ओल्यावर ओला लावायला घेतला की मधे सोडता येत नाही, डाग धरतो. पोस्टर कलर किंवा गोंदाचे अपारदर्शक रंग घ्या. ते वाळले तरी थांबलेल्या जागेवरून पुढे नेता येतात.

धाग्यांची मंडळी इथं बरीच आहेत म्हणून हेही लिहितो. त्या गिलाव्यात भाताचा कोंडा आणि वनस्पतींचे तंतू मिसळलेले आहेत, ते माती धरून ठेवतात, तडे जाऊ देत नाहीत. वेरूळच्या गिलाव्यात तर भांगेच्या झाडाचे तंतू सापडलेत. चित्राखाली धागा आहेच.

रंगही बहुतेक इथल्याच मातीतले. गेरू, पिवळी माती, हिरवी माती, पांढरा, दिव्याची काजळी. निळा तेवढा लाजवर्दाचा, तो दगड बाहेरून यायचा. मी घरी गेरू आणि पिवळी माती खलून बाभळीच्या डिंकात कालवतो. कुत्री शेजारी असते तेव्हा हे रंग मला जास्त निर्धास्त वाटतात. फक्त कोरडी भुकटी तिच्याजवळ खलत नाही, धूळ नाकात जाते. ते काम गच्चीवर.

तुम्ही खंड्याला झोपेत रंगवता का जागेपणी? माझी कुत्री मी पेन्सिल काढली की मान वळवते. म्हणून मी आधी फक्त पाठीची रेघ घेतो, तीच सगळ्यांत बोलकी असते.

लोकरीचा गुंडा (परभणी)

मला एवढंच सांगायचंय की माझ्याच्यानं हे झालं नाही. आमची कुत्री शेवटच्या आजारात होती तेव्हा मी सुया हातातच घेऊ शकले नाही. तिच्याजवळ नुसती पडून राहायचे. नवऱ्यानं मुलाचा अर्धा स्वेटर समोर आणून ठेवला, तो तसाच राहिला. पुढे बऱ्याच महिन्यांनी, थंडी आली तेव्हा, तो परत घेतला. ज्यांना सुचत नाही त्यांनी जबरदस्तीनं हातात काही घेऊ नये, असं मला वाटतं. आणि ज्यांना सुचतं त्यांचं मला खरंच कौतुक वाटतं. ताई, खंड्यासाठी काळजी वाटते. कळवत राहा.

टाकेवाली (लातूर)

परभणीच्या ताई, तुमचं लिहिणं दोनदा वाचलं. नुसतं जवळ पडून राहणं हीही सेवाच. ज्या दिवशी त्याला फार मळमळतं, तोंडाला तो अमोनियासारखा वास येतो आणि तो भिंतीकडे तोंड करून बसतो, त्या दिवशी मीही काही उचलत नाही. मळमळीचं औषध दिलं की तासाभरानं तो मान सैल सोडतो, तेव्हा माझेही हात सुटतात.

गेरू सर, खंड्या झोपेतच सापडतो. पाठीच्या रेघेचं तुम्ही म्हणालात ते करून बघितलं. तो अंग आखडून झोपला की कमरेशी एक कोन दिसतो, आणि बरं वाटत असलं की तोच भाग सपाट होतो. रोज एक रेघ काढून शेजारी तारीख टाकायला लागलेय. डॉक्टरांना वही दाखवली तर त्यांनी पानं उलटून नीट बघितली, आणि दुखण्याबद्दल त्यांनी जे प्रश्न विचारले त्यांची उत्तरं मला त्या रेघांवरून देता आली. चित्राचा असा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं. पण मी त्यासाठी काढत नाही. मला ती रेघ काढायला आवडते, ती कागदावर उमटताना हाताला जे सुख होतं त्यासाठी काढते.

वाखवाले दादा, पीळ उलटा घ्यायचं तुम्ही लिहिलंत, तसंच दोन रंगांची लोकर पिळून खंड्याच्या जेवणाच्या चटईला कड लावली. ती चटई जेवण झालं की लगेच उचलते.

पळसफूल (जालना)

उशिरा आले, माफ करा. मी सुती सूत घरी रंगवते, तेवढंच सांगते.

वाकळेच्या वरच्या थराला रंग द्यायचा असेल तर डाळिंबाच्या साली उत्तम. आपल्याकडे डाळिंब भरपूर. सुती कापड आधी हिरड्याच्या पाण्यात, मग तुरटीच्या पाण्यात भिजवून घ्यायचं, तरच रंग धरतो. सालींच्या काढ्यात तासभर उकळलं की पिवळा येतो. फाल्गुनात पळसाची फुलं मिळाली तर त्यांचा केशरी-पिवळा अंगावर उठून दिसतो, पण धुण्यात लवकर फिकटतो, म्हणून रोज धुवायच्या कापडाला नको.

ज्या घरात कुत्रं आहे तिथं मोरचूद वापरू नका, विषारी आहे. कांद्याच्या सालींचाही रंग सुंदर येतो, पण कांदा कुत्र्याला बाधतो, रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. त्याचा काढा, चोथा त्याच्या वाटेत नको. रंगवलेलं कापड पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवा, मगच त्याच्याखाली घाला.

वाखवाला (हिंगोली)

जालनेवाल्या ताई, गोंड्याची लोकर डाळिंबाच्या सालीत रंगली तर पोळ्यापर्यंत टिकंल का? उन्हापावसात बांधलेली असती.

पळसफूल (जालना)

दादा, लोकर सुतापेक्षा रंग चांगला धरते. तुरटी नीट घातलीत तर टिकेल. काढ्यात शेवटी गंजलेले खिळे भिजवलेलं थोडं पाणी घातलं तर पिवळ्याचा शेवाळी होतो, तो आणखी पक्का. ते खिळ्याचं पाणी मात्र कुत्र्या-लेकरांपासून उंचावर ठेवा.

बालाघाटची काकू (अंबाजोगाई)

टाकेवाली, वाकळ कुठवर आली? लुगड्याचा काठ कापून टाकू नकोस. काठ घट्ट विणीचा असतो, तो कडेला दुमडून घे, धुण्यात फाटत नाही.

टाकेवाली (लातूर)

काकू, पहिली झाली. काठ तसाच ठेवून कडेला दुमडला, चारही बाजूंना चिवट झालीय. वर पदराचा भाग घेतला, मधे दोन थर साधे. सकाळी धुतली की दुपारच्या उन्हात पूर्ण वाळते. खंड्यानं ती लगेच पायानं उकरून आपल्या मनासारखी गोळा केली आणि तिच्यावर बसला. नख कुठंही अडकलं नाही.

काल रक्त तपासलं. क्रिएटिनिन, म्हणजे किडनी किती काम करते ते सांगणारा आकडा, मागच्या वेळेएवढंच आहे. वाढलं नाही, यातच आम्हाला आनंद आहे. फॉस्फरस थोडा जास्त आला, म्हणून जेवणात बदल सांगितलाय. पोस्टर कलर आणलेत. दुसरी वाकळ कापून ठेवलीय, तिचा वरचा थर डाळिंबाच्या सालीत रंगवायचा आहे. पळसफूल ताई, एका लुगड्याच्या अर्ध्या कापडाला सुक्या साली अंदाजे किती घेऊ? आणि हिरडा कुटून घ्यायचा की अख्खा भिजवायचा?

पळसफूल (जालना)

कापडाचं कोरडं वजन करा आणि तेवढ्याच वजनाच्या सुक्या साली घ्या. हिरडा जाडसर कुटून रात्रभर भिजवा, मग गाळून घ्या. न गाळता कापड घातलं तर डाग पडतात. तुरटी कापडाच्या वजनाच्या दहाव्या-पंधराव्या हिश्श्याइतकी पुरे, गरम पाण्यात पूर्ण विरघळवून. रंगलेल्या वाकळेचा फोटो टाका, आणि खंड्या तिच्यावर बसलेला असेल तर फारच छान.